कलिना कॅम्पससाठी उपनगरात भाड्याचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बार्शीहून मुंबई विद्यापीठात एम. ए.ला आले. पहिली २ वर्षं डोंबिवलीत आणि नंतरचं १ वर्ष कुर्ल्यात राहून विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला ये-जा केली. आता दर जूनमध्ये गावाकडची मुलं-मुली फोन करतात आणि बहुतेक तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. भाड्याचे आकडे ढोबळ आहेत. इमारत, मजला आणि स्टेशनापासूनचं अंतर बदललं की तेही बदलतात.

शोध कुठून सुरू करू? आधी बजेट ठरवू की एरिया?

आधी स्टेशन ठरवा. फोनवर "एवढ्या भाड्यात वन बीएचके" असं शोधत बसलात तर स्वस्त घर सापडेल, पण तिथून कॉलेजला पोचायला रिक्षा, लोकल, दुसरी लोकल, बस अशी चार वाहनं लागतील. मुंबईत प्रवासाचा त्रास किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. किती वेळा उतरून दुसरं वाहन धरावं लागतं, त्यावर तो ठरतो. कल्याण दूर आहे, पण फास्ट लोकलने सरळ कुर्ल्याला उतरता येतं. त्याहून जवळच्या पण स्टेशन नसलेल्या एखाद्या वस्तीतून कधीकधी तेवढाच वेळ लागतो आणि पैसे जास्त जातात.

म्हणून कागदावर घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंतचा प्रवास लिहा. स्टेशनापर्यंत किती मिनिटं, गाडीची वाट किती, गाडीत किती, उतरल्यावर किती. ही बेरीज सव्वा तासाच्या आत राहिली तर ते घर बघायला जा. दीड तासाच्या वर गेली तर भाडं कितीही कमी असो, दोनदा विचार करा.

माझे वर्ग नक्की कलिन्यालाच असतील ना?

हे प्रवेशपत्रावर बघा आणि विभागात फोन करून खात्री करा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं. राजाबाई टॉवरची जुनी वास्तू फोर्टला आहे, बहुतेक पदव्युत्तर विभाग सांताक्रूझ पूर्वेच्या विद्यानगरीत, म्हणजे कलिना कॅम्पसमध्ये आहेत. शिवाय ठाणे, कल्याण आणि रत्नागिरीला उपकेंद्रं आहेत. कल्याण उपकेंद्रात वर्ग असताना सांताक्रूझला घर घेणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही पाण्यात.

फोर्टला वर्ग असतील तर गणितच वेगळं होतं. चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्ही स्टेशनांवरून चालत जाता येतं, त्यामुळे पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवरचं कुठलंही स्टेशन चालतं. दूरशिक्षणाला प्रवेश असेल तर परीक्षेच्या आणि संपर्कवर्गांच्या दिवसांपुरतं नातेवाइकांकडे किंवा पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) राहा, अकरा महिन्यांचं भाडं भरू नका.

कलिन्यासाठी कुठल्या स्टेशनावर उतरायचं?

पश्चिम रेल्वेवरून येणारे सांताक्रूझला उतरतात आणि पूर्वेला बाहेर पडून वाकोल्यावरून बस किंवा रिक्षा धरतात. मध्य आणि हार्बर रेल्वेवरून येणारे कुर्ल्याला उतरतात आणि पश्चिमेला बाहेर पडून सीएसटी रोडने जातात. दोन्ही स्टेशनांपासून कॅम्पस साधारण अडीच-तीन किलोमीटरवर आहे. म्हणजे अगदी चालत नाही आणि फार दूरही नाही. गर्दीच्या वेळी सीएसटी रोड तुंबतो, तेव्हा कुर्ल्याहून २५ मिनिटं धरून चला.

हा शेवटचा टप्पा हिशेबात घ्यायचा राहतो आणि मग महिन्याच्या शेवटी खिसा रिकामा होतो. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, आणि ९ मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालं. रोज दोन्ही वेळा एकट्याने रिक्षा केली तर महिन्याला २ हजारांच्या पुढे जातं, बसने त्याच्या पाव भागात भागतं. शेअर रिक्षा मिळाली तर उत्तम, पण पहिल्या लेक्चरसाठी तिच्यावर विसंबू नका.

मध्य रेल्वेवर कुठली स्टेशनं बघू?

माझा कौल डोंबिवली आणि कल्याणला. दोन्हीकडे फास्ट लोकल थांबतात, फास्ट गाड्या कुर्ल्यालाही थांबतात, आणि दोन्ही स्टेशनांवरून सुटणाऱ्या लोकलही आहेत. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा. सकाळी ८ वाजता कर्जतहून किंवा कसाऱ्याहून भरून आलेल्या गाडीत डोंबिवलीला चढणं आणि डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये चढणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोंबिवली ते कुर्ला फास्टने पाऊण तासाच्या आत, कल्याणहून त्याच्या थोडं वर. डोंबिवलीत स्टेशनापासून चालत्या अंतरावरचा जुना वन बीएचके साधारण ११ ते १५ हजारांत मिळतो. तिघांनी वाटून घेतला तर परवडतो.

ठाणे सगळ्यात सोयीचं, पण महाग. कळवा, मुंब्रा, दिवा स्वस्त आहेत. दिव्याला काही फास्ट गाड्या थांबतात खऱ्या, पण सकाळी तिथे पोचेपर्यंत त्या दारापर्यंत भरलेल्या असतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दाराला लटकलेले प्रवासी खाली पडले आणि माणसं जीवानिशी गेली. ते मी विसरू शकत नाही. ज्या स्टेशनावर रोज लटकावं लागेल तिथलं घर मी कुणालाही सुचवत नाही, मग ते दोन हजारांनी स्वस्त का असेना.

भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर इथल्या चाळींमध्ये आणि जुन्या वसाहतींमध्ये वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, मिळतात. भाडं डोंबिवलीपेक्षा जास्त आणि जागा लहान, पण स्लो लोकलने थोड्याच वेळात कुर्ला येतं. घाटकोपरहून मेट्रोचाही पर्याय आहे, तो पुढे सांगते.

पश्चिम रेल्वेवर?

इथली मुख्य अडचण अशी की फास्ट लोकल सांताक्रूझला थांबत नाहीत. विरार, नालासोपारा, वसईहून फास्टने निघालात तर अंधेरीला उतरून स्लो धरावी लागते. विरार ते अंधेरी साधारण ५० मिनिटं, त्यात हा बदल आणि सांताक्रूझहून कॅम्पस. एकूण पावणेदोन तासांच्या घरात जातं.

नालासोपाऱ्यात आणि विरारला वन बीएचके ७ ते १० हजारांपर्यंत मिळतो, म्हणून तिकडे ओढा असतो. सकाळी बसायला जागा हवी म्हणून नालासोपाऱ्याचे लोक उलटे विरारला जाऊन तिथून सुटणारी गाडी धरतात. तुम्हीही तसं करणार असाल तर पास विरारपासूनचाच काढा, नाहीतर टीसी दंड लावतो.

मीरा रोड आणि भाईंदर मधला मार्ग आहेत. भाडं विरारच्या जवळजवळ दुप्पट, पण भाईंदरहून सुटणाऱ्या लोकल आहेत आणि वेळ बराच वाचतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हार्बरच्या काही लोकल गोरेगावपर्यंत येतात आणि अंधेरी, विलेपार्ले, सांताक्रूझला थांबतात. गोरेगावात किंवा जोगेश्वरीत राहणाऱ्यांना त्या गाड्या तुलनेने रिकाम्या मिळतात.

नवी मुंबईतून जमेल का?

जमतं, आणि चांगलं जमतं. हार्बरने वाशी ते कुर्ला साधारण २५ मिनिटं, खारघरहून पाऊण तास, पनवेलहून त्याच्याही थोडं पुढे. पनवेलहून गाडी सुटते म्हणून बसायला मिळतं. खारघर, घणसोली आणि कोपरखैरण्याला सिडकोच्या लहान घरांमध्ये आणि गावठाणातल्या इमारतींमध्ये विद्यार्थ्यांना परवडतील अशा खोल्या असतात. घणसोली-कोपरखैरणे मात्र ट्रान्सहार्बरवर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईत येणाऱ्या मार्गावर आहेत, म्हणून ठाण्याला किंवा वाशीच्या बाजूला गाडी बदलावी लागते.

उलवे स्वस्त आणि नवं आहे. बामणडोंगरी आणि खारकोपर ही स्टेशनंही आहेत. पण उरण मार्गावर गाड्या कमी आहेत आणि नेरूळ किंवा बेलापूरला बदल करावा लागतो. एक गाडी चुकली की पहिलं लेक्चर गेलं.

मेट्रो ३ मुळे काही बदललं का?

कलिन्यासाठी खूप बदललं. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. सांताक्रूझ आणि बीकेसीच्या मध्ये जे बांद्रा कॉलनी स्थानक आहे, ते आराखड्यात विद्यानगरी नावाने होतं. कॅम्पसला तेच जवळचं.

यामुळे मरोळ नाका हे नाव विद्यार्थ्यांच्या नकाशावर आलं. तिथे मेट्रो १, म्हणजे वर्सोवा-घाटकोपर मार्ग, आणि मेट्रो ३ एकमेकींना भेटतात. साकीनाका, मरोळ, चकाला या भागात पूर्वी बसच्या भरवशावर राहणं कठीण होतं. आता तिथली सामायिक खोली विचारात घेण्यासारखी आहे. घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३, असाही प्रवास होतो. कांदिवली-दहिसरचे लोक मेट्रो ७ ने गुंदवलीला येऊन मेट्रो १ धरू शकतात, पण तीन मेट्रो बदलण्यापेक्षा त्यांना सांताक्रूझची स्लो लोकलच सोपी पडेल.

खर्चाकडे लक्ष ठेवा. मेट्रो ३ चं भाडं अंतरानुसार १० ते ७० रुपये आहे. लोकलच्या विद्यार्थी पासाशी त्याची तुलनाच होत नाही. पावसाळ्यात मात्र मेट्रोने मला दोन परीक्षांना वेळेत पोचवलं आहे.

बदलापूरला भाडं निम्म्यावर येतं. मग तिथेच का राहू नये?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून आकडे मांडते. समजा बदलापूरला तिघांनी मिळून ८ हजारांचा वन बीएचके घेतला. तुमच्या वाट्याला २,७०० रुपये. दुसरीकडे कुर्ल्यात कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेचे, ६ हजार. फरक ३,३०० रुपयांचा.

आता वेळ. बदलापूरला खोलीपासून स्टेशन १५ मिनिटं, गाडीची वाट १० मिनिटं, कुर्ल्यापर्यंत ७० मिनिटं, तिथून कॅम्पस २५ मिनिटं. झाले २ तास. कुर्ल्याच्या खोलीतून ३५ मिनिटं. एका फेरीत सव्वा तासाच्या वर, दिवसाला २ तास ५० मिनिटं, आणि महिन्यात २५ दिवस जात असाल तर ७० तास. म्हणजे तुम्ही ३,३०० रुपये वाचवायला महिन्याचे ७० तास देता, तासाला ५० रुपयेही पडत नाहीत. त्या वेळात दोन शिकवण्या घेतल्या किंवा ग्रंथालयात बसून नेट-सेटचा अभ्यास केला तर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

तरीही बदलापूर किंवा टिटवाळा योग्य ठरतं अशी घरं मी पाहिली आहेत. भावंडं सोबत राहत असतील, आई-वडीलही येणार असतील, आठवड्यातून तीनच दिवस वर्ग असतील किंवा खरोखरच ३,३०० रुपये नसतील. तेव्हा तिथूनच सुटणारी गाडी धरा आणि जाता-येता वाचा. माझ्या एका मैत्रिणीने आख्खा प्रबंध बदलापूर लोकलमध्ये तपासला.

स्टेशनापासून किती लांब घर घेतलं तर चालेल?

चालत २० मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. जाहिरातीतली "स्टेशनापासून ५ मिनिटं" ही रिक्षाची असतात. डोंबिवलीत मी पहिलं घर स्टेशनापासून लांब घेतलं, दीड हजारांनी स्वस्त म्हणून. रोजच्या शेअर रिक्षात तेवढेच पैसे गेले आणि रात्री रांगेत अर्धा तास उभं राहावं लागलं. पुढच्या वर्षी जवळचं घर घेतलं तेव्हा महिन्याचा खर्च तोच राहिला आणि रोजचा एक तास परत मिळाला.

विद्यार्थी पास कसा काढायचा?

कॉलेज किंवा विभागाच्या कार्यालयातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म मिळतो. त्यावर राहण्याच्या जवळचं स्टेशन आणि संस्थेच्या जवळचं स्टेशन लिहिलेलं असतं. तो तिकीट खिडकीवर दिला की नेहमीच्या पासाच्या निम्म्या दरात महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास मिळतो. सर्वसाधारण वयोमर्यादा २५ वर्षं, अनुसूचित जाती-जमातींसाठी २७ आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी ३५.

फॉर्म भरताना कुर्ला हवं की सांताक्रूझ हे कार्यालयात स्पष्ट सांगा. राहण्याच्या पत्त्याचा पुरावा मागितला जातो, तिथे नोंदणी केलेला भाडेकरार उपयोगी पडतो. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयात गर्दी असते, म्हणून पहिल्या महिन्याचा पूर्ण दराचा पास बजेटमध्ये धरा.

पीजी, कॉट बेसिस आणि शेअरिंग फ्लॅट यात काय निवडू?

मुंबईत नवे असाल तर पहिले दोन-तीन महिने कॉट बेसिस घ्या. एका खोलीत चार-सहा खाटा, भाडं खाटेचं, डिपॉझिट एका-दोन महिन्यांचं. कुर्ला, वाकोला आणि कलिना गावात अशा जागा आहेत. कलिना गावाचं जुनं नाव कोळे कल्याण, आणि तिथल्या ईस्ट इंडियन गावठाणात अजूनही बैठी घरं आहेत. त्यांच्या माळ्यांवरच्या खोल्या जाहिरातीत कधी येत नाहीत. विभागातल्या सीनियरना, मेसवाल्या काकूंना, झेरॉक्सच्या दुकानात विचारा.

शहर कळलं आणि सोबती भेटले की फ्लॅट घ्या. त्याआधी सोबत्यांशी तीन गोष्टी स्पष्ट बोला: एखाद्याने मधेच सोडलं तर त्याचं भाडं कोण भरणार, स्वयंपाक की डबा, आणि पाहुणे किती दिवस. हे संकोचाने राहून जातं आणि नोव्हेंबरपर्यंत मैत्री तुटते. गॅस जोडणी नसेल तर ओळखपत्रावर ५ किलोचा छोटा सिलिंडर विकत मिळतो, तो पुरतो.

डिपॉझिट किती द्यावं? हेवी डिपॉझिट म्हणजे काय?

उपनगरांत दोन ते चार महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागतात. ते बँकेतूनच द्या आणि करारात आकडा लिहून घ्या. घरात शिरण्याआधी भिंती, नळ, खिडक्या, बाथरूमच्या टाईल्स, सगळ्याचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. माझं एका घराचं अर्धं डिपॉझिट "रंगकामाचे" म्हणून कापून घेतलं गेलं. भिंती आधीपासून ओलीने खराब होत्या, पण माझ्याकडे फोटो नव्हते. तेव्हा मी कॉलेजची फी भरायला उसने पैसे घेतले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

हेवी डिपॉझिट हा वेगळा प्रकार. काही लाख एकरकमी द्यायचे आणि महिन्याचं भाडं नाही किंवा नाममात्र. गावाकडे जमीन विकून किंवा सोनं गहाण ठेवून पालक हे पैसे उभे करतात. कृपा करून असं करू नका. मालकाने त्या घरावर कर्ज घेतलं असेल आणि हप्ते थकले तर बँक घराचा ताबा घेते, आणि तुमचे लाखो रुपये मागत फिरायची वेळ येते.

करार नोंदवलाच पाहिजे का? ५०० च्या स्टॅम्प पेपरवर चालत नाही?

नोंदवलाच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. ही जबाबदारी मालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे मालकांना शांतपणे सांगितलं की बरेच जण तयार होतात.

खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर, ०.२५ टक्के. १५ हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट, ११ महिने: भाडं १,६५,००० आणि व्याज ५,५००, एकूण १,७०,५००. त्याचं शुल्क सव्वाचारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन हे ऑनलाईन होतं, एजंट घरी मशीन घेऊन येतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात हवं. कन्सेशनला, बँकेला आणि शासकीय भत्त्याला प्रत्येकाला त्याची प्रत लागते.

मुदतीआधी सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस आणि लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचं, या दोन ओळी सही करण्याआधी वाचा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार ही वेगवेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, म्हणून आपल्या भागाच्या ठाण्यातच ती नोंदवली आहे ना, हे मालकांना विचारा.

"सोसायटीत बॅचलर चालत नाहीत" म्हणाले तर?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने संस्थेला आधी कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. कळवणं आणि परवानगी मागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. २००१ पासून राज्यात हाच नियम आहे आणि ते शुल्क मालकाने भरायचं असतं.

हे कायद्याचं झालं. प्रत्यक्षात आडनाव विचारून, धर्म विचारून, काय खाता हे विचारून घर नाकारलं जातं. माझ्यासोबतच्या एका मैत्रिणीला तिचं नाव ऐकल्यावर एका दिवसात तीन ठिकाणी "आत्ताच गेलं" असं सांगितलं. हा अन्याय आहे आणि त्याला दुसरा शब्द नाही. अशा मालकाशी भांडून घर मिळवलं तरी तिथे राहणं कठीण होतं, म्हणून मी सीनियर विद्यार्थ्यांच्या ओळखीतून रिकाम्या होणाऱ्या खोल्या धरायला सांगते. विभागातल्या शिक्षकांनाही सांगा. आमच्या एका बाईंनी स्वतः मालकांना फोन करून हमी दिली होती.

इमारत अनधिकृत असेल तर भाडेकरूला काय फरक पडतो?

फार पडतो. पाडकामाची नोटीस आली की काही दिवसांत बाहेर पडावं लागतं आणि डिपॉझिट परत करायला मालकाकडे पैसे नसतात. डोंबिवलीत खोट्या कागदपत्रांवर रेरा (बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण गाजलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यातल्या ४१ इमारतींवर बुलडोझर चालला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एक अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसं गेली.

सोसायटीची नोंदणी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मालमत्ता कराची पावती कशी आहे, हे विचारा. शेजाऱ्यांना विचारा. खांबांना तडे असतील आणि सळया दिसत असतील तर कागद बघायचीही गरज नाही, निघून या.

पाणी आणि पावसाबद्दल काय बघावं?

घर संध्याकाळी बघायला जा आणि नळ उघडा. पाणी किती वेळ येतं, टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे वॉचमनला विचारा. मागचं लाईट बिल मागा. डोंबिवली, विरार, नवी मुंबईत महावितरणचं बिल येतं. थकबाकी असेल तर ती तुमच्या गळ्यात पडू नये. सबमीटर असेल तर युनिटचा दर करारात लिहा.

बदलापूरला उल्हास नदीच्या जवळचं घर घेऊ नका. २७ जुलै २०१९ ला तिथून वांगणीच्या दिशेला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. वसई-नालासोपाऱ्यातही रूळ पाण्याखाली जातात. तळमजला तर नकोच.

रात्री उशिरा परतावं लागलं तर मुलींनी काय काळजी घ्यावी?

घर बघायला दिवसा गेलात तरी एकदा रात्री १० नंतर स्टेशन ते घर चालून बघा. दिवे, उघडी दुकानं, कुत्री, सगळं तेव्हाच कळतं. महिलांचा डबा रात्री रिकामा असेल तर रेल्वे पोलीस असलेला डबा निवडा किंवा गर्दीच्या डब्यात बसा. शेवटच्या गाड्यांची वेळ पाठ ठेवा आणि रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी तपासा. ग्रंथालयात उशीर होणार असेल तर कुर्ला किंवा वाकोल्याच्या मैत्रिणीकडे एक गादी ठरवून ठेवा. मी वर्षभर तसंच केलं.

भाड्यासाठी शासनाकडून मदत मिळते का?

मिळते, आणि पात्र असूनही माहिती नसल्यामुळे अनेक जण ती सोडतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत शिकणाऱ्यांना वर्षाला ६० हजार: भोजनासाठी ३२, निवासासाठी २० आणि निर्वाहासाठी ८ हजार. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत.

स्वाधारला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि विद्यार्थी त्या शहरातला रहिवासी नसावा अशी अट आहे. भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो, म्हणूनच नोंदणीकृत करारावर मी एवढी अडून बसते. निवासाचे २० हजार म्हणजे महिन्याला १,७०० सुद्धा होत नाहीत आणि ते हप्त्यांनी, उशिरा येतात. पहिल्या चार महिन्यांच्या भाड्याची सोय वेगळी करून ठेवा. आणि विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज मात्र पहिल्याच दिवशी भरा, जागा कमी असल्या तरी.

एजंटला पैसे द्यावेत का? ऑनलाईन जाहिरातींवर विश्वास ठेवू का?

अकरा महिन्यांच्या करारावर एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून घेतात. तिघांत वाटलं तर ते जड जात नाही, पण करार झाल्यावरच द्या. घर दाखवायचे वेगळे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका.

"मी सैन्यात आहे, बदली झाली, टोकन पाठवा, चावी कुरिअरने येईल" असा फोन आला तर लगेच ठेवा. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालकाचं नाव लाईट बिलाशी जुळवल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. गावाहून येणाऱ्यांना घाई असते, आणि फसवणाऱ्यांना ती बरोबर कळते.

शोधायला किती आधी यावं?

प्रवेश पक्का झाला की वर्ग सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी. मे-जूनमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं खोल्या सोडतात, तेव्हा त्यांच्या जागी थेट शिरता येतं आणि ब्रोकरेजही वाचतं. आठवडाभर ओळखीच्यांकडे किंवा कॉट बेसिसवर राहा. एक घर आवडलं की टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी ८ वाजता त्या दारातून निघा, लोकल धरा, कुर्ल्याला किंवा सांताक्रूझला उतरा आणि आपल्या विभागाच्या पायरीपर्यंत जाऊन घड्याळ बघा. संध्याकाळी ६ ला परत तोच प्रवास उलटा करा. मगच मालकांना फोन करा.